आज एक ओळ जास्त आहे

"आज एक ओळ जास्त आहे, साहेब."

मी अजून पायरीवरच होतो. एका हातात डबा, दुसऱ्या हातात सायकलची किल्ली. शैलाबाई दारात उभ्या होत्या. खांद्यावर फडकं आणि हातात ती शंभर पानी वही.

"कसली ओळ?"

"काँप्युटरवर. रोज तीन येतात. आज चार आल्यात."

"मग तुम्ही काय केलं?"

"काही नाही. तसाच ठेवलाय. तुम्ही बघा म्हटलं आधी."

"अहो, एफ वन दाबायचा. टिकली कशाला लावलीय तिथं?"

"टिकली तीन ओळींसाठी लावलीय," त्या म्हणाल्या.

मी चपला काढल्या, आत गेलो आणि खुर्चीत बसायच्या आधीच टिकलीवर बोट दाबलं. काँप्युटर कुरकुरला आणि चालू झाला. पडद्यावर काय लिहिलंय ते मी बघितलंसुद्धा नाही.

"झालं ना चालू?" मी म्हणालो.

शैलाबाईंनी वही मिटली आणि त्या फरशी पुसायला निघून गेल्या.

हे एकोणीसशे नव्याण्णव साल, फेब्रुवारीचा शेवटचा गुरुवार. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना होता, तिथं मी कारकून होतो. वय एकतीस. पुण्यातल्या एका देणगीदारानं आपल्या ऑफिसातला जुना काँप्युटर आम्हाला दिला, तेव्हा तो कुणी चालवायचा असा प्रश्न आला. मी कराडला तीन महिन्यांचा कोर्स केला होता. त्यामुळं मी काँप्युटर साहेब झालो. पगार तोच राहिला.

काँप्युटरच्या खोलीला पडदे होते, पंखा होता आणि चपला बाहेर काढायच्या असा नियम होता. नियम मीच केला होता. डॉक्टर अणावकरसुद्धा सँडल काढून आत यायच्या.

काँप्युटर जुना, त्यात त्याच्या आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली. त्यामुळं तो रात्री बंद केला की सगळं विसरायचा. आमच्या काँप्युटरमध्ये रोज सकाळी एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी उजाडायचा. चालू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तीन ओळी यायच्या. बॅटरी संपली आहे, तारीख चुकली आहे, पुढं जायचं असेल तर एफ वन दाबा. एफ वन दाबलं की पुढं जायचा. बॅटरी पन्नास रुपयांची होती, पण ती आणायला कोल्हापूरला जावं लागणार होतं, आणि एफ वन फुकट होता.

त्याला चालू व्हायला वेळ लागायचा. म्हणून साडेसातला दवाखाना उघडायला येणाऱ्या शैला भिसे यांना मी तो चालू करायला शिकवलं. त्या वॉर्डात मदतनीस होत्या. सव्वीस वर्षांच्या. वडील लवकर गेले, दोन भावांची शिक्षणं त्यांनी केली, स्वतःची सातवीवर थांबली. एफ वन कुठला ते रोज शोधायला नको म्हणून त्यांनी स्वतःच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून त्या बटणावर चिकटवली. सगळ्यांना ते फार आवडलं. डॉक्टरही म्हणायच्या, "टिकली दाबा आणि पुढं चला."

पहिल्या दिवशी मी शैलाबाईंना म्हणालो होतो, "यापेक्षा वेगळं काही आलं तर मला सांगा." असं आपण म्हणतो. त्यांनी विचारलं, "वेगळं आलं हे मला कसं कळणार? मला इंग्रजी वाचता येत नाही." मी हसत म्हणालो, "मग चित्र काढून ठेवत जा."

त्यांनी वही आणली. रोज सकाळी तिन्ही ओळी वहीत उतरवायला लागल्या. अक्षरं भावांच्या पुस्तकांतून ओळखीची होती, पण शब्द लागत नव्हते. एकेक अक्षर त्या रांगोळीचे ठिपके मोजावेत तसं मोजून काढायच्या. चार महिने मी ती वही त्यांच्या हातात रोज बघत होतो. कधी उघडली नव्हती.

शुक्रवारी पुन्हा तेच.

"साहेब, आजपण चार आहेत."

"चालतोय ना?"

"आवाज वेगळा येतोय. आत कुणी सुपारी कातरतंय असा."

"जुना आहे. म्हातारपणी आवाज येतातच."

"माणूस असा आवाज करायला लागला तर तुम्ही त्याला एफ वन दाबाल का?"

मागं डॉक्टर अणावकर उभ्या होत्या. त्यांनी सँडल काढता काढता ऐकलं होतं. "काय म्हणतायत शैलाबाई, नलवडे?"

"काही नाही मॅडम. जुनं यंत्र आहे, सकाळी सकाळी काहीतरी बडबडतं."

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरं काय ते माहीतच नव्हतं. माहीत करून घ्यायला अर्धं मिनिट लागलं असतं.

डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण त्यांच्या डोक्यात शिबिर होतं. आमच्याकडं वर्षातून एकदा मोतीबिंदूचं शिबिर व्हायचं. मुंबईचे एक सर्जन तीन दिवस येऊन फुकट ऑपरेशनं करायचे. त्या वर्षी बहात्तर पेशंट होते, सगळे डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरचे. पूर्वी डोळ्यात सरसकट एकाच नंबरचं भिंग बसवत. त्या वर्षी पहिल्यांदाच प्रत्येकाचा डोळा मोजून, त्याच्या मापाचं भिंग बसणार होतं. मोजायचं यंत्र मिरजेहून चार दिवसांसाठी मागून आणलं होतं. बुधवारी ते परत गेलं. बहात्तर डोळ्यांचे आकडे माझ्या काँप्युटरमध्ये होते. शनिवारी संध्याकाळी सहाला सर्जनना मुंबईला फोन करून यादी सांगायची, म्हणजे रविवारी निघताना ते भिंगं बरोबर घेऊन येणार. सोमवारी ऑपरेशनं सुरू.

आणि ते आकडे कागदावर कुठंही नव्हते. ती माझी करामत. पूर्वी प्रत्येक पेशंटची चिठ्ठी असायची. मी डॉक्टरांना म्हणालो, काँप्युटर आलाय तर चिठ्ठ्या कशाला, चिठ्ठ्या हरवतात. सगळं आत भरू आणि शेवटी एकदम छापू. प्रिंटरची रिबन वाळली होती, ती पुढच्या आठवड्यात येणार होती. तोवर पडद्यावर बघून फोनवर सांगायचं असं मी ठरवलं होतं.

शनिवारी मी नऊला दवाखान्यात आलो तो फक्त हजेरीपुरता. साडेनऊची कराडची एसटी धरायची होती. पाहुण्यांनी बोलावलं होतं, मुलगी बघायला. हा अकरावा कार्यक्रम होता. आधीच्या दहांत काही ठिकाणी त्यांनी नकार दिला, काही ठिकाणी आम्ही, आणि एका ठिकाणी मुलीनं माझ्या धाकट्या भावाला पसंत केलं. ती आता माझी भावजय आहे आणि चांगली आहे. चारपर्यंत परत येऊन सहाला फोन करायचा असा बेत होता.

काँप्युटरच्या खोलीत शैलाबाई की-बोर्डसमोर उभ्या होत्या. पडद्यावर पांढरी अक्षरं थांबलेली.

"साहेब, आज मी एफ वन दाबू देणार नाही."

"शैलाबाई, माझी साडेनऊची गाडी आहे."

"माहीत आहे. मुलगी बघायला चाललाय."

"कुणी सांगितलं?"

"शर्टाला इस्त्री आहे."

बाहेर सिस्टर जगताप औषधांचा ट्रे घेऊन चालल्या होत्या. पन्नाशीच्या, दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या. त्या दारातच थांबल्या. "जाऊ दे गं त्याला, शैला. बिचाऱ्याचं अकरावं आहे. ह्या वेळी तरी जमू दे."

"जाऊ देत की. दोन मिनिटं वाचून जाऊ देत."

"आल्यावर वाचतो," मी म्हणालो.

"साहेब," शैलाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मला वाचता आलं असतं तर तुम्हाला तीन दिवस विचारलं नसतं."

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. पडदा समोर असूनही मी वहीतच वाचलं. बुधवारच्या पानावर तीन ओळी. गुरुवारी चार. शुक्रवारी चार. अक्षरं इतकी नेटकी होती की मला माझ्या कोर्सच्या सर्टिफिकेटची लाज वाटली. तीन ओळी माझ्या पाठ होत्या. चौथी मी पहिल्यांदा वाचली.

हार्ड डिस्कची अवस्था वाईट आहे. माहिती दुसरीकडे उतरवून घ्या आणि डिस्क बदला.

"काय आहे?" सिस्टरांनी विचारलं.

"हार्ड डिस्क म्हणजे..." मी काँप्युटरकडं बोट दाखवलं. "म्हणजे ज्याच्यात सगळे आकडे साठवलेत, ते मरायला टेकलंय."

"आणि मेलं तर?"

"तर बहात्तर डोळे गेले."

मान खाली घातली तेव्हा शुक्रवारच्या पानावर चौथ्या ओळीच्या खाली मराठीत काहीतरी बारीक लिहिलेलं दिसलं. 'सा. ९-०५. निळा शर्ट. डबा विसरले.' 'सा.' म्हणजे साहेब, म्हणजे मी, हे लक्षात येतंय तोवर शैलाबाईंनी वही झटकन ओढून घेतली.

"तेवढं नाही वाचायचं," त्या म्हणाल्या. "वरचंच."

विचारायला वेळ नव्हता. मी बसलो. फ्लॉपी टाकून माहिती उतरवून घ्यायची, एवढं मला येत होतं. पण डिस्क बिघडली असेल तर टिकली दाबल्यावर ती किती वेळ चालेल हे मला सांगता येत नव्हतं.

"आता दाबू?" मी विचारलं. कुणाला विचारलं ते मलाही कळलं नाही.

"आता दाबा," शैलाबाई म्हणाल्या.

काँप्युटर सुपारी कातरत चालू झाला. त्यांनी सांगितलेला आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. फ्लॉपी टाकली. निम्म्यात अडकली. दुसरी टाकली, तीही अडकली. आवाज वाढला.

"राहू द्या ते," शैलाबाई म्हणाल्या. "यादी पडद्यावर दिसते का?"

"दिसते."

"मग तुम्ही वाचा, मी लिहिते."

त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या, वहीचं कोरं पान काढलं. मी वाचायला लागलो. नाव, गाव, कुठला डोळा, आकडा. "बारकू शेलार, डावा, वीस." "सीताबाई कदम, उजवा, साडेबावीस." प्रत्येक आकडा त्या परत म्हणून दाखवत आणि मगच लिहीत. मी घाई करायला लागलो की म्हणत, "थांबा. साडे की पावणे?"

स्टँड दवाखान्याच्या मागंच होता. अठराव्या नावाला कराडच्या गाडीचा हॉर्न वाजला. सिस्टर खिडकीतून बघत म्हणाल्या, "नलवडे, तुझं लग्न सुटलं बघ स्टँडवरनं."

"एकोणीस," मी म्हणालो. "धोंडिबा सपकाळ."

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन बसली. हौसाबाई. रक्तदाब वाढला म्हणून तिला शिबिराआधीच ठेवून घेतली होती. दोन्ही डोळ्यांना धूसर दिसायचं, पण कानाला धार होती.

"काय चाललंय रं? नावं का पुकारतोयस? मतदान हाय काय?"

"डोळ्याचे नंबर लिहून घेतोय, आजी."

"माजा लिवला का?"

"तुमचा शेवटी आहे. बहात्तरावा."

"म्हंजी पंगतीला शेवटी. पुरंल न्हवं का?"

"पुरेल," शैलाबाई म्हणाल्या आणि बोट हलवून मला पुढं चला म्हणाल्या.

सिस्टर वॉर्डच्या स्वयंपाकघरात जाऊन आल्या. पोह्यांच्या दोन बशा घेऊन. चपला बाहेर काढून आत आल्या आणि शैलाबाईंच्या हातात देत म्हणाल्या, "एक तुझी, एक त्याची. कराडचे पोहे चुकले तर इथले खाऊ दे."

शैलाबाईंनी माझी बशी की-बोर्डच्या बाजूला ठेवली. मी घास घेत वाचत होतो. त्यांच्या बशीला हात लागला नाही.

अडुसष्टावं नाव वाचलं आणि पडदा थिजला. बटणं दाबली तरी काही हलेना. आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि तोही थांबला.

चार राहिले होते. कोण चार ते मला माहीत होतं. आकडे माहीत नव्हते.

"काय झालं?" हौसाबाईनं विचारलं. "गप का झाला?"

मी परत एकदा बटणं दाबून बघितली.

"माजाच ऱ्हायला का?"

"चौघांचे राहिलेत, आजी," शैलाबाई म्हणाल्या. तिला खोटं सांगितलं नाही.

मी काँप्युटर बंद केला. कोर्समध्ये मास्तर म्हणाले होते की यंत्र तापलं तर थंड होऊ द्यावं. ते खरं की असंच, मला माहीत नव्हतं. पण दुसरं काहीच हातात नव्हतं. पंखा खुर्चीवर चढवून काँप्युटरकडं फिरवला. वीस मिनिटं थांबायचं ठरवलं.

"नातीच्या पोराला बघितलं न्हाई मी अजून," हौसाबाई म्हणाली. ती कुणाला सांगत होती कुणास ठाऊक. "दोन वर्साचा झाला. हातानं बघितलाय. नाक माज्यावर गेलंय म्हंत्यात. लोकांचं काय, म्हातारीला बरं वाटावं म्हनून म्हंत्यात. मला सोता बघायचंय."

शैलाबाई उठल्या, तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि आपल्या बशीतले पोहे तिला दिले. "खावा. तोवर थंड होतो तो."

"कोन, पोहं?"

"काँप्युटर."

"त्याला बी बीपी हाय व्हय?"

मला हसू आलं. सिस्टरही हसल्या. त्या सकाळी मी पहिल्यांदाच हसलो असेन. वीस मिनिटं संपल्यावर मी शैलाबाईंना म्हणालो, "या वेळी तुम्ही दाबा."

त्यांनी पदराला हात पुसले, वही मांडीवर घेतली आणि बटण चालू केलं. काळा पडदा. पांढऱ्या ओळी. एक, दोन, तीन, चार. त्यांनी आधी चौथी ओळ बोटानं तपासली, कालच्यासारखीच आहे ना ते. मग टिकली दाबली.

चालू झाला. मी यादीच्या तळाला गेलो आणि आधीपेक्षा सावकाश वाचलं. एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर. टक, टक असा आवाज सुरू झाला.

"हौसाबाई देसाई, डावा, साडेएकवीस."

"साडेएकवीस," शैलाबाई म्हणाल्या आणि लिहिलं.

"साडेएकवीस," दारातून हौसाबाई म्हणाली. "आता इसरायची न्हाई."

आम्ही वहीतली यादी पडद्याशी ताडून बघणार होतो. तेवढ्यात पडदा काळा झाला. नंतर तो काँप्युटर कधीच चालू झाला नाही. त्याच्यात एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीसुद्धा उजाडला नाही.

दुपारी डॉक्टर आल्या. मी सगळं सांगितलं, चिठ्ठ्या बंद केल्या ती माझी चूक तीही सांगितली. त्यांनी वहीची पानं उलटून यादी बघितली. चार-पाच पेशंटचे आकडे त्यांना स्वतःला आठवत होते, ते जुळले.

"ही ओळ गुरुवारपासून येत होती?"

"हो मॅडम."

"शैलाबाईंना इंग्रजी कुठं येतं?"

"नाही येत. मला येतं, म्हणून मी वाचली नाही."

डॉक्टरांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "सहाला फोन तुम्ही करू नका. शैलाबाई करतील. यादी त्यांची आहे."

शैलाबाईंनी केला. मुंबईच्या सर्जनना बहात्तर आकडे सांगितले, आणि प्रत्येक आकडा त्यांच्याकडून परत म्हणवून घेतला. दोनदा त्यांना म्हणाल्या, "थांबा. साडे की पावणे?"

ऑपरेशनं झाली. सगळ्यांची. गुरुवारी सकाळी हौसाबाईच्या डोळ्यावरची पट्टी सोडायची होती. पट्ट्या सोडायचा दिवस म्हणजे आमच्या दवाखान्यात सण असायचा. नातेवाईक साखरफुटाणे घेऊन यायचे. हौसाबाईची नात पोराला काखेत घेऊन पहाटेच डोंगर उतरून आली होती.

सिस्टरांनी पट्टी काढली. हौसाबाईनं डोळे मिचकावले. पोराकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग त्याच्या नाकाला हात लावला, स्वतःच्या नाकाला लावला.

"खरं म्हनत हुती की मेली," ती म्हणाली.

नात रडायला लागली, पोर भेदरून रडायला लागलं, आणि हौसाबाई दोघांवर ओरडायला लागली की रडू नका, मला नीट बघू द्या. मग तिची नजर आमच्याकडं आली.

"तू व्हय गं, नंबर लिवनारी? आवाजावरनं मला थोराड वाटलीस. चांगली देखनी हाईस की. आन ह्यो?"

"ते नंबर वाचणारे," सिस्टर म्हणाल्या. "मुलगी बघायला चालले होते त्या दिवशी. गाडी चुकली. अकरा झाल्या, अजून एक दिसत नाही त्यांना."

हौसाबाईनं माझ्याकडं बघितलं, शैलाबाईंकडं बघितलं आणि परत माझ्याकडं.

"मोतीबिंदू मला हुता का ह्याला?"

अख्खा वॉर्ड हसला. शैलाबाई ट्रे घेऊन बाहेर गेल्या. त्यांचे कान लाल झालेले मी बघितले. माझे किती झाले ते मला माहीत नाही.

संध्याकाळी मी काँप्युटरच्या खोलीत गेलो. शैलाबाई मेलेल्या काँप्युटरचा की-बोर्ड पुसत होत्या. टिकली नखानं सोडवत होत्या.

"कराडला कळवलं मी," मी म्हणालो. "आता येत नाही म्हणून."

"का?"

"पोहे इथले चांगले होते."

"पोहे सिस्टरनी केले होते."

"दिले होते तुम्ही."

त्यांनी टिकली सोडवली आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली.

"वहीत माझं काय लिहिता?" मी विचारलं.

"चालू होताना जे दिसतं ते."

"आणि काही जास्तीचं दिसलं तर?"

"तर सांगते."

"मग सांगा."

त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. "आज भांग दुसऱ्या बाजूला पाडलाय," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात आमचं लग्न झालं. त्याआधी घरात मी दोन महिने बोलणी खाल्ली, त्यातलं आता काही आठवत नाही. सिस्टर जगताप करवली म्हणून मिरवल्या. हौसाबाई आली होती. पंगतीत पहिली बसली.

शैला पुढं इंग्रजी वाचायला शिकली. दवाखान्यात नवा काँप्युटर आला, मग दुसरा, मग तिसरा. ती प्रत्येकाच्या सकाळच्या ओळी वाचायची. माझ्याही वाचायची. मी उठलो की चहा ठेवता ठेवता एकदा बघायची आणि कधीतरी म्हणायची, "आज एक ओळ जास्त आहे." बहुतेक वेळा मी आदल्या दिवशी काहीतरी लपवलेलं असायचं. एकदा काहीच लपवलं नव्हतं, तरी तिनं मला जबरदस्तीनं कराडला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस गेले असते तर हृदयाचं अवघड होतं. मी तेव्हा तिला विचारलं, तुला काय दिसलं? ती म्हणाली, वाचता आलं असतं तर तुम्हाला आणलं कशाला असतं डॉक्टरकडं.

गेल्या वर्षी ती गेली. तिच्या वेळी कुठलीच ओळ आली नाही. मी बघत होतो. डॉक्टर म्हणाले, कधीकधी येत नाही.

परवा दिवाळीच्या साफसफाईत तिच्या ट्रंकेत ती वही मिळाली. पहिल्या पानावर टिकली आहे. लाल रंग उडालाय, पण चिकटलेली आहे. चार महिन्यांची पानं मी पहिल्यांदा सलग वाचली. वर तीन ओळी इंग्रजी, खाली एक मराठी. 'सा. ९-१०. दाढी नाही.' 'सा. ९-००. खुशीत. शीळ घालतात.' 'सा. आले नाहीत. ताप, असं सिस्टर म्हणाल्या.' 'सा. ९-२०. सायकल पंक्चर. हात काळे. साबण दिला.' मला सायकल आठवली, साबण आठवला नाही.

शनिवारचं पान यादीच्या आधी आहे. वर चार ओळी, नेटक्या. खाली एक मराठी. ती मी यायच्या आधीच लिहिलेली असणार, कारण त्या पानावर वेळ नाही.

'सा. आज कराडला. मुलगी बघायला. जाऊ द्यायचं नाही.'

मी इतक्या मोठ्यानं हसलो की स्वयंपाकघरातून आमची प्राजक्ता हातातली कणीक तशीच घेऊन धावत आली. वर्षभरात तिनं माझं हसणं ऐकलं नव्हतं.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "एक ओळ जास्त आहे."